एक बाजू झाडाची

"अगं, ओरबाडतेस काय! एक बाजू झाडाला ठेव."

आकोसिता वन्संचा हा आवाज फिफिताने नवी नवरी म्हणून या बेटावर आली तेव्हा कोकाच्या, रंगाची साल देणाऱ्या झाडाखाली ऐकला होता. आता केस पिकले, तरी शिंपला सालीला लावला की कानात तोच आवाज उमटे, हात आपोआप हलका होई आणि एका बाजूची साल झाडावरच राही. जुने घाव भरून झाड कसं टुणटुणीत उभं होतं!

आजची साल लोसेलीच्या, तिच्या लेकीच्या, लग्नाच्या कापडासाठी होती. पडवीत बायका साल पिळून लालसर रंग कापडावर चोळत होत्या, गात होत्या :

कोका देते गं साल, लेकी ल्याल्या रंग लाल;
तिच्या उघड्या घावाची कोण पुसे हालहवाल?

"फिफिता, लग्न लेकीचं की तुझं गं?" शेजारची विका म्हणाली.

"माझं असतं तर एवढी खपले असते होय!"

हसता हसता फिफिताने दुखरं मनगट दाबलं. रंग पिळणं आता जमत नव्हतं. हे शेवटचं कापड. आणि रीत अशी, की लग्नात ते नवरीच्या आत्यापुढे, म्हणजे वन्संपुढे, अंथरायचं आणि आत्याने न्यायचं. आजवरची तिची सगळी चांगली कापडं वन्संकडेच गेली. मान तो मान, तिने कधी कुरकुर केली नाही. पण लोसेली लग्नानंतर ऑकलंडला निघाली होती. तिच्या गाठोड्यात यातला एक तुकडा असावा, एवढंच फिफिताच्या मनात होतं. मागायचं कसं? आत्याच्या मानातलं गावात कुणी कधी मागितलं नव्हतं.

लग्नाच्या दिवशी नारळाच्या दुधातली अळूची पानं खाऊन आकोसिता बोटं चाटत मानाच्या जागी बसली होती. पुढे कापड पसरलं होतं, मावळतीच्या आभाळासारखं.

"रंग बरा उतरलाय," ती म्हणाली. पोरी कापड गुंडाळू लागल्या.

फिफिताने काठावर तळहात ठेवला. गुंडाळणाऱ्या पोरींचे हात थांबले.

"काय गं? डाग राहिला का?"

"नाही." तिने हात काठावरून उचलला नाही. "वन्सं, झाडाला एक बाजू ठेवायला तुम्हीच शिकवलंत. मलाही ठेवा. लेकीबरोबर द्यायचीय."

आकोसिताने तिच्याकडे पाहिलं, मग त्या सुरकुतलेल्या, रंगाने माखलेल्या हाताकडे.

"एवढी वर्षं तोंडात काय अळूची पानं धरली होतीस? सुरी आणा गं कुणीतरी."