जावईबापूंनी केलेली जागा

आमच्या जावईबापूंना कॉम्प्युटरमधलं सगळं कळतं, असं ते स्वतःच सांगत असतात. माझ्या कॉम्प्युटरवर विंडोजच्या जोडीला लिनक्स हे दुसरं सॉफ्टवेअरही त्यांनीच माझ्या गळ्यात मारलं. त्याला जागा पुरेना, तेव्हा बाह्या सरसावून ते डिस्कवरचा विंडोजचा भाग छाटायला बसले.

"आधी मुलीचे लहानपणचे फोटो बाजूला काढून ठेवा," मी म्हटलं.

"डी ड्राइव्हवर हलवलेत, बाबा. काळजी सोडा."

विंडोजचा भाग काही लहान होईना. मग हे महाशय डी ड्राइव्हच पुसून मोकळे झाले आणि ती जागा लिनक्सला जोडून म्हणाले, "बघा, आता कसं ऐसपैस!"

"आणि फोटो?"

महाशय स्क्रीनवर डी ड्राइव्ह शोधू लागले.

"छान," मी म्हटलं. "मुलगी तर नेलीतच, आता तिचं लहानपणही नेलंत."