कठड्यावरचा गज

मी एका सुताराचा गज. तीन फुटांचा, घट्ट लाकडाचा. मोजायचं आणि गप्प बसायचं, हा माझा स्वभाव. पण परवा माझ्या सरळपणावरच बोट ठेवलं गेलं, म्हणून तोंड उघडतोय.

मालकांच्या वडिलांनी मला तासलं, रेघा कोरल्या. पुढं मालकांच्या हातानं मी उभा जन्म दारं-खिडक्या मोजल्या. आता मालकांचे गुडघे ऐकत नाहीत. मापं घ्यायला लेक जाते. परवाचं तिचं पहिलंच एकटीचं काम.

जिन्यातली उंच खिडकी. हात पोचेना. लेकीनं मला जिन्याच्या कठड्यावर आडवं ठेवलं आणि खिडकीसकट मोबाइलवर फोटो काढला. गज तीन फूट, त्याच्या हिशेबानं खिडकी किती ते काढायचं.

माझ्या मनात पाल चुकचुकली. अंगाला अंग न लावता कुणी मोजतं का? हा काचेचा तुकडा चुकणार, आणि चुकला नाही तर माझं सरपण होणार.

"साडेतीन फूट," दुकानात लेक म्हणाली.

जुन्या लाकडाचा लांब तुकडा एकच उरला होता. लांब कापलं तर रंधा आहे, आखूड कापलं तर औषध नाही. मालकांनी करवत उचलली, आणि फोटोकडं डोळे बारीक करून बघत बसले.

"मोबाइलवर विश्वास नाही का, बाबा?"

"तुझ्या नवऱ्यावर तरी कुठं होता? तरी लग्न लावून दिलंच ना. गज कुठं ठेवला होतास?"

"कठड्यावर."

"आणि कठडा भिंतीपासून?"

"असेल फूटभर अलीकडं."

मालकांनी करवत खाली ठेवली. "मग गज तुझ्याजवळ, खिडकी लांब. जवळचं मोठं दिसतं, पोरी. गज फुगला, खिडकी आटली."

लेक उलट्या पावली गेली. वरच्या मजल्यावरून दोन दोऱ्यांनी मला सोडलं, खिडकीच्या वर, भिंतीला पाठ लावून. बरोबर समोर उभी राहून पुन्हा फोटो काढला. माप आलं चार फूट.

ज्याच्यावर मी डूख धरला तो मोबाइल निर्दोष. खोटं मी बोललो होतो, अंगावरची एक रेघही न हलवता.

परांची बांधून चौकट चढवली, तेव्हा मालक खाली पायरीवर बसले होते.

"बसली का गं?"

"बसली. नखसुद्धा शिरत नाही."

मालकांनी गुडघ्यावरचा भुसा झटकला. मग म्हणाले, "पुढच्या वेळी मला विचारायला थांबू नकोस. कापून टाक. फक्त गजाला विचार, कुठं होतास."

आता मी लेकीच्या पिशवीत असतो. फोटोआधी ती मला संशयानं न्याहाळते. न्याहाळू दे. तुम्हीही न्याहाळा, बाबांनो. सरळ दिसणाऱ्याकडं तर दोनदा बघावं.