नंबराखाली लिहिलेलं

मित्रांनो, मी खणांचं एक जुनं सागवानी कपाट आहे. सौंसरच्या भिवाजी सुतारांनी मला घडवलं आणि पांढुर्ण्याच्या बाजारात भगवंतरावांच्या दुकानात आणून उभं केलं. तिथे डिझेल इंजिनांचे आणि पाण्याच्या पंपांचे सुटे भाग मिळत. माझ्या प्रत्येक खणावर पत्र्याची पट्टी होती आणि पट्टीवर कंपनीचा नंबर.

गिऱ्हाइकांना नंबर ठाऊक नसत. कोणी म्हणे, "सावरगावच्या विहिरीवरचं इंजिन लय धूर फेकून राहिलं." कोणी नुसता हाताने आकार दाखवी. भगवंतराव थोडा विचार करत, उठत आणि बरोबर तोच खण ओढत. या कपाटात सगळं सापडतं, असं लोक म्हणत. मलाही ते खरं वाटे.

मग १९८३च्या थंडीत भगवंतरावांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. ते घरी खाटेवर पडून राहत. त्यांना आता काही समजत नाही, असं सगळे धरून चालले. मुलगा रेल्वेत, दूर बदलीवर. म्हणून सून पुष्पा दुकानात बसू लागली. ती नंबर वाचून वस्तू काढी. ज्याला नंबर सांगता येत नसे, तो रिकाम्या हाताने परत जाई.

वैशाखात रामाकोन्याची शकुबाई आली. या विधवा बाईने आदल्या वर्षीच संत्र्याची कलमं लावली होती.

"सूनबाई, माह्या पंपातला पितळी बुश झिजला. काळं इंजिन हाय, नाल्यावरचं. भगवंतरावानंच बसवून देल्लं होतं."

"मावशी, नंबर काय त्याचा?"

"नंबर मले कुठला मालूम, बाई."

पुष्पाने काही खण उघडले, बंद केले. "नाही सापडून राहिला. नागपूरले पाहा."

शकुबाई नागपूरच्या बसकडे गेली. तो बुश, पंपाच्या दांड्यावर बसणारं ते पितळी कडं, माझ्या खालच्या ओळीत पडून होता.

पाऊस लागायच्या आधी ती पुन्हा आली. झिजलेला जुना बुश तिने पुष्पापुढे ठेवला. "असा असते. पाहून ठेव. दुसऱ्या कोणाले परत धाडू नको."

"तुमची कलमं?"

"अर्धी वाळली. नवा बुश हाती यायले आठवडा लागला, तवर पाणी बंद."

पुष्पा उठली आणि तो बुश हातात धरून एकेक खण उघडत गेली. खालच्या ओळीत तसाच नवा बुश निघाला. ती तिथेच जमिनीवर बसली. शकुबाई त्या खणापाशी वाकली.

"सासऱ्याले विचारलं होतं काय?"

"मामाजींना बोलता येत नाही, मावशी."

"बोलता येत नाही. पण पाहता येते न?"

दुसऱ्या दिवशी भगवंतरावांना खुर्चीत बसवून दुकानात आणलं. पुष्पाने तो बुश त्यांच्या डोळ्यांपुढे धरला. "मामाजी, हा हिरव्या इंजिनाचा?" काही हललं नाही. "काळ्या?" त्यांचा डावा हात मांडीवरून उचलला गेला. पुष्पाने पदर तोंडाला लावला. मग ब्रश घेऊन तिने नंबराखाली लिहिलं : काळं इंजिन, रामाकोना, नाल्यावरचं. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी शकुबाईचा झिजलेला बुश तिने तारेने खणाच्या मुठीला बांधला.

पावसाळाभर हेच चाललं. एक वस्तू, मग प्रश्न, मग तो हात. माझ्या पट्ट्यांवर गावं आली, इंजिनांचे रंग आले, लोकांच्या तोंडची नावं आली. लोक पुन्हा लांबून येऊ लागले.

दसऱ्याच्या सुमारास भगवंतराव गेले. माझ्या काही खणांवर अजून नुसता नंबरच आहे. त्यातलं कोणी मागितलं, की पुष्पा सगळे खण उघडून पाहते. कधी सापडतं, कधी नाही.

मित्रांनो, माझं काय, वर्षातून एकदा तेलाचा हात फिरवला तरी मी पुष्कळ टिकेन. पण तुमच्या घरी कोणी खाटेवर असेल, बोलत नसेल, तर त्यांच्यापुढे जाऊन बसा. वस्तू दाखवा, नाव घ्या आणि थांबा. उत्तर यायला वेळ लागतो.