पंखाच्या वर दहा फूट

मी बंब. तांब्याचा. पोटात जाळ नि भोवती पाणी. अंबाजोगाईच्या तांबटानं मला ठोकून ठोकून घडवलं, तेव्हापासून माझं डोकं दुखतंय आणि मी कुणाचं ऐकून घेत नाही. आज तुम्ही ऐका.

तुळजाबाईच्या बापानं मला तिच्या लग्नात दिलं. बाकीचा आहेर फाटला, फुटला; मी टिकलो. तिचा नवरा धोंडीराम तेलगावकडच्या एका सहकारी संस्थेत राखणदार. दुष्काळाचं तिसरं वर्ष. ढग यायचे, बघायचे नि जायचे. मग चेअरमन बद्रीनाथअण्णांनी ठराव केला, भाड्यानं विमान आणायचं, ढगावर मीठ मारायचं, पाऊस पाडायचा. विमानासाठी माळावर पत्र्याची मोठी शेड उठली. तिच्याच कोपऱ्यात आडोसा करून धोंडीरामचं बिऱ्हाड. लेक बायना बाळंतपणाला आलेली. तिच्या नि बाळाच्या न्हाणीसाठी मी रोज पेटायचो.

एक दिवस तपासणीचे साहेब आले. मला बघून दोन पावलं मागं सरले.

"पेट्रोलची वाफ जमिनीलगत पसरते, आणि इथं जाळ? एक तर वेगळी खोली, जाड भिंत, दार बाहेरून. नाहीतर हीटर विमानाच्या पंखाच्या वर दहा फूट टांगायचा. आठ दिवसांनी येतो. यातलं काही नसेल तर बिऱ्हाड बाहेर."

अण्णांनी खोलीचं नावच काढलं नाही. "टांगा बे!" म्हणाले.

पण पंख कुठाय? विमानच आलेलं नव्हतं. धोंडीरामनं बैलगाडीवर बाज ठेवली, तिलाच पंख धरलं, वर दहा फूट मोजले आणि मला छताला साखळ्यांनी टांगलेल्या लोखंडी फळीवर चढवलं. माणसं नियम अर्धाच ऐकतात आणि अंमल मात्र पुरा करतात.

आता तुळजाबाई टँकरचं पाणी नि सरपण घेऊन शिडी चढायची, कढत बादली घेऊन उतरायची.

"अण्णा, पडले म्हंजी? खोली बांधा."

"एवढ्याला काय लागतंय? थांब, मीच दावतो. तुला न्हाई जमत तर बिऱ्हाड उचल."

धोतर खोचून अण्णा चढले आणि माझ्याशेजारी फळीवर टेकले. खाली तुळजाबाईनं शिडी काढून भिंतीला लावली.

"ए बाई! शिडी कावून काढली?"

"लाकडाची हाय ना, अण्णा. जाळाजवळ लाकूड? सायेब काय म्हनतील?"

तेवढ्यात साहेबांची जीप आलीच. त्यांनी वर बघितलं.

"हे काय?"

"पंखाच्या वर दहा फूट, सायेब," धोंडीराम म्हणाला. "मोजून."

"अहो, ती सवलत बंद पेटीतल्या हीटरला! उघड्या जाळाला खोलीच लागते. आणि वर कोण बसलंय?"

"आमचे चेअरमन," तुळजाबाई म्हणाली. "अण्णा, खोलीचं काय करायचं?"

मी चांगलाच तापलो होतो. अण्णा माझ्यापासून सरकत सरकत फळीच्या टोकाला गेले. पुढं फळी नव्हती.

"बांधा! जाड भिंतीची बांधा! दार पायजे तिकडून ठेवा! आदी शिडी लाव, माय!"

खोली झाली. बिऱ्हाड हललं नाही. विमान आलं, दोनदा घिरट्या घातल्या, ढग सापडेना म्हणून गेलं. शेडीत आता कडबा असतो.

अख्ख्या माळावर स्वतःचं दार असलेला बंब मीच. माझा कुणी भाऊबंद तुमच्याकडं असेल तर पेटवायच्या आधी पाणी भरा. रिकामा जाळला की डाग दिलेले सांधे सुटतात. आणि नियम सांगणाऱ्याला पुढचं पान वाचल्याशिवाय जाऊ देऊ नका.

दार वाजलं. तुळजाबाई आली. ऐंशीची झाली, पण सरपण ठेवून आधी वर बघते, एकटीच हसते, मग काडी ओढते.