ब्रीचं नाक

अंगठा — चीजवाल्या फेर्नांचा, रुंद, नखाशी जरा चिरलेला — चीजच्या पांढऱ्या सालीवर टेकतो, दाबत नाही, नुसता टेकतो, आणि साल किंचित खाली जाऊन हळूच परत वर येते. तेवढ्यावरून त्याला सगळं कळतं, आणि आता इतक्या वर्षांनी नेरिसलाही कळतं, याचं तिला मनातून फार अप्रूप. आत मधोमध अजून खडूसारखी रेघ असणार. संध्याकाळपर्यंत विरघळेल. पण संध्याकाळपर्यंत थांबायला वेळ कुणाला होता...

“केव्हा खाणार, बाई?” फेर्नां हे प्रत्येकाला विचारतो. किती हवं, ते नंतर.

“आज दुपारी. सोलांजकडे जेवायला बोलावलंय, आणि चीज मी न्यायचंय.”

“सोलांजबाईंकडे?” त्यानं तो तुकडा झटकन मागं सारला. “मग हा नको. त्यांच्यापुढं कच्चं चीज ठेवलंत, तर तुमची धडगत नाही आणि माझीही. हा न्या. एक वाजता असा मऊ पडेल, की त्यांनासुद्धा नाक मुरडता यायचं नाही.” मग शेजारचं चीजचं लहानसं अख्खं चाक हातात तोलत तो म्हणाला, “आणि हे तुमच्या घरी? पुढच्या आठवड्यात तयार होईल.”

पुढच्या आठवड्यात. ‘बघते’ असं काहीतरी पुटपुटून तिनं ब्री चीजचा तो त्रिकोण पिशवीत ठेवला आणि ती बाजाराबाहेर पडली.

पिशवीत फोन होता आणि फोनवर एर्वेनचा निरोप. एर्वेन म्हणजे धाकटी बहीण, तिकडे वेल्समध्ये, स्वान्सीला. तिच्या घरासमोरचं घर रिकामं झालंय, खिडकीतून समुद्र दिसतो, मालकाला आज संध्याकाळपर्यंत हो की नाही ते सांगायचंय. आणि खाली एकच ओळ, जी नेरिसनं सकाळपासून चारदा वाचली होती: आता तिथं तुझं आहे कोण?

आहे की! पाववाला आहे, फेर्नां आहे, पुलापलीकडची मुळेवाली आहे... यादी मनातल्या मनातसुद्धा पुढं सरकेना, कारण ही सगळी दुकानदार मंडळी होती. नेरिसनं हातातल्या लांबट पावाचं टोक मोडलं आणि चालता चालता तोंडात टाकलं. पावाचं टोक घरापर्यंत पोचू द्यायचं नसतं, हे तिला इथं कुणी शिकवलं नव्हतं. ते आपोआप अंगात मुरलं, जसं चीज थंड खायचं नाही हे मुरलं, जसं मुळ्याला लोणी लावून वर मीठ भुरभुरणं मुरलं. दोन वर्षांसाठी या फ्रेंच गावात इंग्रजी शिकवायला आलेली बाई इथंच रुजली, ती काही केवळ आन्सेल्मपायी नव्हे — हे ती स्वतःला ठणकावून सांगू शकत होती. एर्वेन अजून चीज पाकिटातून काढते, गारठलेलं, आणि उभ्याउभ्या खाते. मी ते आता खाऊ शकेन का? खाईनही. माणूस काहीही खातं. पण मग जेवण झाल्यावर माझ्याशी भांडायला कोण...

आन्सेल्म जेवण झाल्यावर भांडायचा, भरल्या पोटी, मजेनं. त्याला जाऊन वर्ष झालं. लग्न त्यांनी केलंच नव्हतं; चौदा वर्षं एका घरात राहिली, एवढंच. त्यामुळे सोलांज, त्याची थोरली बहीण, हिची नेरिस कोण लागते ते कधीच ठरलं नाही. भावजय म्हणावं तर कागद नाही, पाहुणी म्हणावं तर फारच जुनी. सोलांजनं चौदा वर्षं तिला ‘तुम्ही’च म्हटलं. दफन झाल्यावर फाटकापाशी हात हातात घेऊन म्हणाली होती, “तुम्ही खूप केलंत त्याचं.” शब्द चांगलेच होते. पण असं नर्सला म्हणतात, आणि नेरिसला ते आत कुठंतरी जे लागलं ते लागलंच.

आणि परवा अचानक सोलांजचा फोन. “शनिवारी जेवायला या. चीज तुम्ही आणा.” त्या घरात चीज आजवर आन्सेल्मच आणायचा.

पूल ओलांडताना मार्न नदी संथ, राखाडी. याच वाटेनं पहिल्यांदा ती त्या घरी गेली होती, तेव्हा आन्सेल्मशी जेमतेम ओळख, आणि हिरवा नवा कोट. जेवणानंतर चीजचं ताट आधी तिच्यापुढं आलं, पाहुणी म्हणून. त्रिकोणी तुकडा, नेरिसनं बिनदिक्कत त्याचं टोकच आडवं कापून घेतलं. टोक म्हणजे अख्ख्या चाकाचा गाभा, सगळ्यात मुरलेला, सगळ्यात मऊ. तुकडा लांबीनं कापायचा, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला थोडं थोडं टोक येतं. इथले लोक त्या टोकाला नाक म्हणतात, आणि ते एकट्यानं कापून नेणं म्हणजे भर पंगतीत यजमानाचं नाक कापणंच. ताटावरचा तो बोडका तुकडा, आणि सोलांजचा चेहरा... अजून आठवलं की कानशिलं तापतात. तेव्हा आन्सेल्म मोठ्यांदा म्हणाला होता, “बरं झालं. आमच्या घरात नाक जरा जास्तच वर होतं.” हसला तो एकटाच. नेरिसनं त्याच दिवशी ठरवलं, हा माणूस सोडायचा नाही.

सोलांजकडे कोंबडी उत्तम झाली होती, आणि नेरिसनं तसं सांगितलं. अन्नाबद्दल ती खोटं बोलत नसे. सोलांजचा नवरा गास्तों वाइन ओतत होता आणि कालवा उपसायच्या नगरपालिकेच्या बेतावर तोंडसुख घेत होता. आन्सेल्मच्या खुर्चीवर कुणी बसलं नव्हतं. मग ताट आलं. फेर्नांचा शब्द खरा ठरला होता, ब्री जागेवरच सैलावून पसरली होती, आणि नेरिसला सकाळपासून पहिल्यांदा अगदी बरं वाटलं. ताट नेहमीप्रमाणे पाहुणीकडे यायचं. पण सोलांजनं ते स्वतःपुढं ओढलं, सुरी उचलली, आणि टोक सरळ आडवं कापलं.

“अगं, काय केलंस हे!” गास्तोंच्या हातातली बाटली तशीच राहिली.

“तू गप रे.” सोलांजनं ते टोक नेरिसच्या ताटलीत ठेवलं. “घे. आन्सेल्म दर वेळी माझ्याकडे रडायचा — तुझ्यापायी चौदा वर्षं त्याला घरात नाक म्हणून मिळालं नाही.”

गास्तों खदखदा हसला. नेरिसही हसली, आणि हसता हसता डोळ्यांना पाणी आलं ते तिनं पुसलं नाही. घे, म्हणाली ती. तुझ्यापायी, म्हणाली. म्हणजे तो इथं येऊन माझ्या तक्रारी सांगत होता, आणि ही ऐकून घेत होती, ज्या तक्रारी माणूस घरच्याच माणसाबद्दल करतं...

“पाव हवाय का तुम्हांला?” सोलांजनं विचारलं.

तुम्हांला. नेरिसनं चमकून पाहिलं. सोलांज पावाचे कण टेबलावरून झाडत होती, चेहऱ्यावर काही नाही. मघाशी जीभ घसरली की आत्ता? विचारता आलं असतं. पण विचारावंसं वाटेना, आणि न विचारताही आपण स्वस्थ आहोत, याचं नेरिसला नवल वाटलं. “द्या,” ती म्हणाली.

पिशवीत फोन घरघरला. एर्वेन. घरघर थांबेपर्यंत ती तशीच बसली, मग टोकाचा पहिला घास पावावर पसरला, सावकाश, कडेपर्यंत. जिभेवर गवत, ओली माती, थोडं मीठ... एर्वेनला काय सांगायचं ते अजून कळलं नव्हतं, संध्याकाळ व्हायला वेळ होता. पण डोक्यात मघापासून दुसरंच चाललं होतं, की एव्हाना फेर्नां आवराआवर करत असेल, आणि पुढच्या आठवड्यात तयार होणारं ते लहान चाक कुणी उचललं नसलं म्हणजे झालं.