पिवळ्या पट्ट्यांचा गोळा

गोदामात जड खोक्यावर पिवळी पट्टी चिकटवायची, तिच्यावर खोक्याचा नंबर आणि वजन लिहायचं आणि ते खोकं दोघांनी उचलून गाडीत सगळ्यात खाली ठेवायचं, असा नियम होता. पण एका खोक्याला दोघं जुंपले की गाडी सुटायला उशीर व्हायचा. म्हणून मुकादमानं तोंडी फर्मान काढलं होतं, "पट्टी दिसली की ओढून काढा."

ओढण्यात पटाईत होता मेव्हणा. बहिणीच्या नवऱ्यानं त्याला इथं चिकटवलं, म्हणून सगळे त्याला मेव्हणाच म्हणत. ओढलेल्या पट्ट्यांचा त्यानं गोळा केला होता, चांगला डोक्याएवढा. जेवणाच्या सुट्टीत तो आणि भाऊजी त्याला लाथा मारून खेळत. केस, धूळ, थुंकी, सगळं त्या गोळ्याला चिकटलेलं असे.

काल सकाळी वरच्या थरातलं खोकं भाऊजींच्या खांद्यावर कोसळलं. गळ्याजवळच्या हाडाचे दोन तुकडे झाले. हात पुन्हा वर जाईल का, डॉक्टर सांगेनात. दवाखान्यात बहिणीनं विचारलं, "खोकं हलकं होतं म्हणे. मग हाड कसं मोडलं रे?" स्वतःची इतकी शिसारी त्याला कधीच आली नव्हती.

आज चौकशीला मोठे साहेब आले. मुकादम नाकानं कांदे सोलायला लागला. "माणूसच निष्काळजी, साहेब. खोक्यावर पट्टीच नव्हती. हलका माल, तोही नीट रचता येईना."

साहेबांनी 'निष्काळजी' असं लिहिलंसुद्धा. तेवढ्या एका शब्दानं भाऊजींचा कंपनीच्या खर्चानं चाललेला इलाज बंद होणार होता आणि नोकरीही जाणार होती. चोराच्या उलट्या बोंबा, आणि त्या चोरीत आपलाही हात! मेव्हण्याला मुकादमाच्या तोंडाकडे बघवेना.

तो उठला, बाकड्याखालचा गोळा आणून त्यानं साहेबांच्या टेबलावर आदळला. वरची पट्टी नखानं सोलून पुढं धरली. तिच्यावर काल कोसळलेल्या खोक्याचा नंबर होता आणि शेजारी ठळक अक्षरांत 'सेहेचाळीस किलो'.

"कालची शेवटची. मुकादमांनी सांगितलं, मी ओढली."



साहेब म्हणाले, "म्हणजे तुम्हीपण दोषी. कळतंय ना?"

"कळतंय. माझं नाव लिहा. पण आधी भाऊजींचं खोडा."

साहेबांनी गोळा बाजूला सारायला हात घातला. तो चौकशीच्या कागदाला चिकटून बसला होता.