पाण्यानं धुतलेलं औषध

स्पिरिट तुम्ही दिलं नाही. तोंडावर मागितलं होतं, आणि तुम्ही टकळीवरून नजर न काढता म्हणालात — दारूबंदीच्या जिल्ह्यात, आपल्या संस्थेत, तो पदार्थ? पाण्यानं धुवा. पुन्हा पुन्हा धुवा.

घनश्याम हे मनातच, संस्थेच्या प्रमुखांशी बोलत होता. डोळे केसाएवढ्या काचेच्या नळीवर होते. थर्मामीटरला दोऱ्यानं बांधून तापत्या तेलात सोडलेली नळी, तळाशी औषधाची चिमूटभर भुकटी. शुद्ध असती तर शेवटपर्यंत ढिम्म बसली असती आणि मग एकदम वितळली असती. ही आधीच घामेजली... कडेनं खचली, तरी पुरती वितळेना. म्हणजे आत दुसरं काही आहे — अर्धवट राहिलेलं, पिवळं, रक्त नासवणारं. ते पाण्यानं जात नाही. उकळत्या स्पिरिटात विरघळवून पुन्हा स्फटिक पाडले की जातं, एवढी साधी गोष्ट. पण ह्या लोकांना वाटतं रसायनालाही सोवळं नेसवता येतं.

महारोगाची गोळी. मुंबईची परवडत नाही म्हणून इथं, पुलगावच्या रस्त्यावरच्या ह्या टिनाच्या शेडमध्ये करू, असं त्यानंच सुचवलं होतं. पहिला घाणा असाच पाण्यानं धुऊन महारोग्यांच्या वसाहतीत गेला, आणि थोड्याच दिवसांत धुरपता दारात उभी — बोटं झडलेली, ओठ जांभळेशार.

"जांभळं खाल्लीस काय गं?" तो हसत म्हणाला होता. हसत.

"ह्या थंडीत जांभयं कुठून आनू, बाबू? चाल्लं की धाप लागते."

डॉक्टर म्हणाले, ह्या औषधानं ओठ असे होतातच. होतातही. पण औषधानं किती झाले आणि माझ्या पिवळ्या गाळानं किती... हे कोण सांगणार? मी ते तिच्यादेखत बोललो. स्पिरिट नाही, हेही बोललो. काल ती पदराखालून एक शिशी घेऊन आली.

"तुले दारूच पायजे ना? माह्या भावानं काढली. मोहाची. पयल्या धारेची."

"प्यायला नको गं मला."

"सारेच असं म्हनतात. तू पी, नाईतर औषधाले पाज."

शिशी टेबलाखाली आहे. दोन-तीनदा ऊर्ध्वपातन केलं तर लागतं तेवढं स्पिरिट निघेल. पोलिसांनी पाहिलं तर मी आत, पुनाजी आत — तिचा भाऊ — आणि शेडला कुलूप. मग गोळ्या कोण करणार? शिशी न उघडण्याचं खरं कारण हेच... की हे कारण मला सोयीचं आहे?

बाहेर बंडी थांबली. संस्थेचे चिटणीस भैय्याजी आत आले.

"घनश्यामजी, दुसऱ्या घाण्याची बरणी तयार हाय ना?"

"अजून पिवळी आहे."

"पिवळी त पिवळी. हळद काय पांढरी राह्यते?"

"नीट वितळत नाही, भैय्याजी."

"गोळी गिळाची हाय का वितळवाची? लोक वाट पाहून राह्यले. गोळी नाई भेटली त बोटं झडतेत, तुमाले सांगाले पायजे का?"

त्यांचंही खोटं नाही. तीच तर गोम. गोळी नसली तरी झडणार, असली तरी... त्यानं बरणीवर हात ठेवला आणि अचानक त्याला स्वतःचीच शिसारी आली. इतके दिवस तुमच्यावरचा राग मी उशाला घेऊन निजलो. तुम्ही स्पिरिट दिलं नाही म्हणून माझे हात स्वच्छ होते. आता ते टेबलाखाली आहे, झडलेल्या बोटांनी आणून दिलेलं, आणि राग तेवढाच असून उशाला पुरत नाही.

भैय्याजी बरणी ओढतात. माझा हात निघत नाही.

ठेवा ती टकळी खाली. वर बघा. तुमच्या व्रताला बाटलेलं चालत नाही, तिच्या रक्ताला चालतं — हे कुणी ठरवलं? धुरपता उद्या येईल, धापा टाकत. तिच्या हातावर कोणती गोळी ठेवू?

बोला.